वाफेचे आभार

शनिवार, ७ सप्टेंबर

प्रिय इल्मारी,

परवा गुरुवारी दुपारी मी तळ्याकाठच्या गावच्या सौनेच्या वाफखोलीचं दार सताड उघडलं, त्याच्याखाली एक दगड सरकवला आणि बाबांना सांगितलं की बिजागरी गंजली आहे, दार लागत नाही. बाबा दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बिजागरीला तेल लागतं, आन्टेरो. दगड नाही लागत." मी म्हटलं, तेल संपलंय. माझ्यासारखा चर्चच्या घंटेची देखभाल करणारा माणूस तेल संपलंय म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवील? पण बाबांनी ठेवला, आणि दार आणखी बराच वेळ उघडं राहिलं.

हे तुला का लिहितो आहे, ते मलाही नीट सांगता येणार नाही. अकरा वर्षांत आपल्या दोघा भावांमध्ये नाताळच्या कार्डाखेरीज काही गेलं-आलं नाही. तुझ्या कार्डावर तुझं नाव, माझ्या कार्डावर माझं. ते स्वीडनहून इथे येतं, हे इकडून स्वीडनला जातं. दोघंही जिवंत आहोत एवढं त्यातून कळतं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

इथे सगळं ठीक आहे. बाबांना त्र्याऐंशी पूर्ण झाली. तब्येत झाडाच्या बुंध्यासारखी. लाकडं अजून स्वतः फोडतात, कॉफी स्वतः करतात. मागे एकदा साखरेऐवजी मीठ घातलं. मी प्यालो, तेही प्याले, कुणी काही बोललं नाही. असं कुणाच्याही हातून होतं.

गावाची गुरुवारची सौनाही चालू आहे. तू होतास तेव्हा बाकावर जागा मिळायची नाही. आता म्हातारी माणसं कमी झाली आहेत, पण जी आहेत ती गुरुवार चुकवत नाहीत. छोटी बस जंगलातल्या आडवाटांनी फिरून एकेकाला दारातून घेऊन येते. आधी बायकांची पाळी, मग पुरुषांची, आणि मग वर आपल्या शाळेत वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. शाळा बंद होऊन जमाना झाला, तरी त्या खोलीला अजून ओल्या हातमोज्यांचा वास येतो. तू पुढे शहरात शिकलास, माझं शिक्षण त्या खोलीतच संपलं. म्हणून असेल, मला तो वास आवडतो.

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडून काइसा नावाची मुलगी दर गुरुवारी येते. रक्तदाब बघते, खुर्चीत बसल्या बसल्या हातपाय हलवायला लावते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, या वयात इतकी कडक वाफ कशाला हवी? आपली जुनी पोस्टवाली हिल्का तुला आठवत असेलच. पंचाऐंशीची झाली, जीभ तशीच आहे. ती म्हणाली, "पोरी, मी एकटी राहते. घरच्या आरशात मला नुसतं तोंड दिसतं. इथे या सगळ्याजणी मला मानेपासून टाचेपर्यंत बघतात. कोण वाळली, कोण पडली आणि काळंनिळं झालेलं लपवतेय, सगळं कळतं. इथे कपडेच नाहीत तर लपवणार कुठे?" काइसाने हे लिहून घेतलं आणि पुढच्या गुरुवारी स्वतः टॉवेल घेऊन आत गेली. त्या दिवसापासून ती आमची झाली.

आणि बाहेर आलं की प्रत्येकजण पायरीवर, सौना तापवणाऱ्या बाबांसमोर थांबतो आणि म्हणतो, "वाफेचे आभार, ताइस्तो." बाबा मान हलवतात. सात दिवसांत त्यांना एवढंच ऐकायचं असतं असं मला कधी कधी वाटतं.

अकरा वर्षांपूर्वी तू घरच्या सौनेसाठी आणलेली विजेची शेगडी कोठारात आहे. बाबांनी भिंतीवरून उतरवली होती तशी तिच्या खोक्यात घालून ठेवली आहे. ती काढून घरच्या सौनेत पुन्हा बसवावी असं एक-दोनदा मनात आलं. हात गेला नाही.

बिजागरी गंजलेली नाही, इल्मारी. त्याबद्दल पुढे लिहीन.

आन्टेरो


रविवार, २२ सप्टेंबर

प्रिय इल्मारी,

तुझं उत्तर आलेलं नाही. तरी लिहितो. अर्धं सांगून थांबणं बरं नव्हे.

धुराच्या सौनेचं काम तुला माहीत आहे. धुराडं नाही, सकाळी आग पेटवायची, धूर आतच फिरू द्यायचा, दुपारपर्यंत दगड तापले की आग मोडायची. मग निखारे ओढून बादलीत भरायचे आणि बाहेर न्यायचे, दार-खिडकी उघडून आतली हवा निवळू द्यायची आणि मगच दार लावायचं. बाबा हे सगळं डोळे मिटून करतात असं आपण लहानपणी म्हणायचो.

मी दगड लावला त्याच्या आदल्या गुरुवारी पुरुषांच्या पाळीला मीही आत होतो. वाफ कडक होती. थोड्या वेळाने माझं डोकं जड झालं. शेजारी सुलो बसला होता, आपल्याला बर्फाला भोक पाडून मासे धरायला शिकवणारा सुलो. उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला आणि सगळा काजळीने काळा झाला. मला वाटलं, वय. बाहेर पायरीवर बाबा बसले होते. सुलो थांबला, श्वास घेतला आणि म्हणाला, "वाफेचे आभार, ताइस्तो." मीही म्हणालो.

वर शाळेत सूप वाढलं तर कुणाच्या चमच्याचा आवाज नाही. बायकाही गप्प. हिल्काने वाटी पुढे सरकवून ठेवली होती.

काइसा म्हणाली, "आज सगळे फिक्कट दिसताय. कुणाचं डोकं दुखतंय का?"

"सूप बघून दुखतंय," सुलो म्हणाला. सगळे हसले, जरा जास्तच.

मी टॉवेल विसरलो म्हणून खाली गेलो. बादली खुंटीला टांगलेली होती, कोरडी आणि स्वच्छ. चुलीतली राख फावड्याने बाजूला केली तर खाली निखारे जिवंत, लाल. बाबांनी ते काढलेच नव्हते. काढले असं त्यांना वाटलं आणि त्यांनी दार लावलं.

धुमसत्या निखाऱ्यांच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. आजोबांच्या काळी पलीकडच्या काठावरची दोन माणसं अशीच बाकावरून उठली नाहीत, ही गोष्ट आपल्याला बाबांनीच सांगितली होती. सौनेत चर्चमध्ये वागावं तसं वागा, हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य असायचं.

म्हणून तो दगड. आणि त्या दिवसापासून माझं एक ठरलेलं काम झालं आहे. आग मोडली की बाबा कॉफी घ्यायला वर जातात. ते वळणाआड गेले की मी चर्चमधून उतरतो, निखारे आहेत का बघतो, असले तर ओढून काढतो, बादली भरून ठेवतो आणि ते यायच्या आत निघून जातो. एकदा झाडीतून मी मुद्दाम थांबून पाहिलं. बाबा आले, भरलेली बादली त्यांना दिसली. क्षणभर तिच्याकडे बघत उभे राहिले. मग आपणच भरली असणार असं समजून त्यांनी ती उचलली आणि तळ्यात नेऊन रिकामी केली. निखारे पाण्यात पडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

रविवारी चर्चमध्ये येणाऱ्या मुलांकडून मी बायबलातल्या दहा आज्ञा पाठ करून घेतो. चौथी, आईवडिलांचा मान राख. तिच्या लगेच खाली पाचवी, हत्या करू नकोस. इतकी वर्षं मी त्या एका दमात म्हणत आलो. आता त्या दोन ओळींच्या मध्ये उभा आहे आणि रोज प्रार्थना करतो की बाबांना आपणहून आठवावं.

बाबांशी बोललो तर त्यांचा गुरुवार जाईल. नाही बोललो तर काय काय जाईल ते लिहायला नको.

आन्टेरो


रविवार, २० ऑक्टोबर

प्रिय इल्मारी,

तुझं कार्ड आलं, नाताळ नसताना. एकच ओळ होती: "गावात घंटा वाजवायचं काम तुझं आहे, मग वाजव." मी ते बायबलमध्ये ठेवलं आहे. बरोबर लिहिलंस. पण ते पोचलं तेव्हा उशीर झाला होता.

दहा तारखेच्या गुरुवारी चर्चमध्ये अंत्यविधी होता. मृत्यू काही सौनेची वेळ बघून येत नाही. मी घंटेच्या दोरापाशी होतो, खाली उतरणं शक्य नव्हतं. मी मनाशी म्हटलं, एखाद्या दिवशी बाबांना आठवेलही. घंटा वाजवता वाजवता पूर्ण वेळ मी तीच एक प्रार्थना करत होतो, आणि ज्याचा अंत्यविधी होता त्या बिचाऱ्यासाठी एकही केली नाही.

बायकांना काही झालं नाही. पुरुषांच्या पाळीत सुलो वरच्या बाकावरून खाली घसरला आणि बोलेना. इतरांनी त्याला ओढत बाहेर आणून गवतावर निजवलं. काइसा शाळेतून धावत आली. तिने रुग्णवाहिका बोलावली, सगळ्यांना उघड्यावर बसवलं, सौनेचं दार-खिडकी उघडून आत कुणाला जाऊ दिलं नाही. मी पोचलो तेव्हा बाबा सुलोच्या पायांवर आपला कोट घालत होते. म्हणाले, "सुलोचं हृदय. मी त्याला सांगत होतो, लोणी कमी कर." उभ्या असलेल्या सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली, इल्मारी.

सुलो वाचला. मी त्याला दवाखान्यात भेटलो. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "ताइस्तोला सांगू नकोस. हृदय होतं म्हणावं."

"डॉक्टर म्हणतात तुमचं हृदय घोड्याचं आहे."

"डॉक्टर काय सांगतो, तो कधी धुराच्या सौनेत बसलाय का?"

परतताना मी हिल्काच्या घरी गेलो. ती बटाटे सोलत होती. मी खुर्चीत बसून टोपी हातात फिरवत राहिलो.

ती म्हणाली, "टोपी फाडू नकोस. निखारे तू काढतोस ना? मला माहीत आहे. ऑगस्टातल्या त्या गुरुवारनंतर माझं डोकं दोन दिवस फुटत होतं. त्यानंतर आम्ही बायकांनी खिडकी लावणंच बंद केलं. ताइस्तोने विचारलं तर सांगायचं, आम्हाला तळं बघायचंय. पण पुरुष आले की सुलो वारा लागतो म्हणून पहिल्यांदा खिडकी लावणार."

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मग कुणी बोललं का नाही?"

तिने सुरी खाली ठेवली. मला वेड लागलंय की काय अशा नजरेने बघितलं. "सौना तापवणाऱ्याला कुणी असं तोंडावर सांगतं? पहाटे उठून एवढी लाकडं त्याने वाहायची आणि मी वर बसून सांगायचं, तुझी वाफ बिघडली? माझ्या आईने शिकवलंय, वाफ थंड असो, कडक असो, बाहेर आल्यावर आभार मानायचे."

"आणि मेला असतात तर?"

"तर मानायचे राहिले असते," हिल्का म्हणाली आणि पुन्हा बटाटा उचलला. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "आम्हाला वाटलं, मुलगा आहे, मुलगा बोलेल."

म्हणजे सगळा गाव माझी वाट बघत होता आणि मी देवाची.

काइसा दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आली. शेवटच्या बाकावर माझ्याजवळ बसली. "आन्टेरो, मला कुणावर ठपका ठेवायचा नाही. पण आगीची जबाबदारी कुणाची हे कुणीतरी मला स्पष्ट सांगेपर्यंत गुरुवार बंद. मी फार दिवस थांबवून धरू शकणार नाही. मला वर कळवावं लागेल, आणि वरून येतं ते कुलूप येतं. एकदा लागलं की ते पुन्हा निघत नाही."

"बाबांचं दुसरं काही नाही हो," मी म्हणालो. "त्यांच्याजवळ तेवढंच आहे."

"सुलोजवळही तेवढंच आहे," ती म्हणाली. "आणि हिल्काजवळ."

या आठवड्यात गुरुवारी बस आली नाही. हिल्का चालत आली होती. मी खिडकीतून पाहिलं, ती सौनेच्या पायरीवर टॉवेल मांडीवर घेऊन जरा वेळ बसली आणि परत गेली.

मी बोलणार आहे. हे लिहिलं आहे ते मला मागे फिरता येऊ नये म्हणून.

आन्टेरो


रविवार, १० नोव्हेंबर

प्रिय इल्मारी,

आज वडिलांचा दिवस. सगळ्या घरांवर झेंडे लागले आहेत. आपल्या अंगणातला मी चढवला. बाबांनी खिडकीतून बघितलं की नाही ते कळलं नाही.

मी बोललो. ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी गेलो. ते अंगणात बर्चची लाकडं रचत होते. मीही रचू लागलो, कारण रिकाम्या हातांनी मला ते बोलताच आलं नसतं.

"बाबा, निखारे मी काढत होतो."

"कुठले निखारे?"

"गुरुवारचे. सप्टेंबरपासून. तुम्ही कॉफीला वर जायचात तेव्हा. तुम्ही विसरत होता."

त्यांचं रचणं थांबलं नाही. एक लाकूड नीट बसेना, ते त्यांनी फिरवून बसवलं. "आणि सुलोच्या दिवशी?"

"त्या दिवशी मी चर्चमध्ये होतो."

एक ओळ रचून झाल्यावर, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"हिल्काला?"

"हिल्काला सगळ्यांच्या आधी."

"आणि तरी समोर थांबून आभार मानत होते."

मी म्हटलं, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून. त्यावर ते माझ्याकडे वळले. डोळे कोरडे होते. रागही नव्हता. म्हणाले, "मग त्याआधीचे तरी खरे होते, हे मला कोण सांगणार?"

तीस वर्षं दर गुरुवारी त्या माणसाने एक वाक्य गोळा केलं आणि मी एका सकाळी ते सगळं खोटं पाडलं. त्यांनी खिशातली काड्यापेटी काढली, रचलेल्या लाकडांवर ठेवली आणि घरात गेले.

मी काइसाला सांगितलं की आगीची जबाबदारी आता माझी. तिने वायू मोजायचं एक छोटं यंत्र आणून दिलं आणि एकदा नाही, दोनदा दाखवलं. सात तारखेला मी पहिल्यांदा एकट्याने सौना तापवली. आग मोडली, निखारे काढले, चुलीत हात घालून घालून राख चाचपली, यंत्र लावलं, पुन्हा लावलं. भीतीने दार इतका वेळ उघडं ठेवलं की दगडांची सगळी ऊब तळ्यावर निघून गेली. बाबा आले नाहीत. पायरीवर त्यांच्या जागी मी उभा राहिलो.

पहिली हिल्का बाहेर आली. टॉवेल गुंडाळून माझ्यासमोर थांबली. मी मान हलवायला तयार झालो.

"थंड होती," ती म्हणाली.

"काय?"

"वाफ. थंड होती, आन्टेरो. असल्या सौनेत मांजर बाळंत झाली असती. माझे पाय तुझ्या चर्चमध्ये जास्त तापतात."

मागच्या दोघीजणी जागच्या जागी थिजल्या. या गावात असं कुणी कुणाला बोललेलं त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. मीही नव्हतं ऐकलं. मग सुलो आला. दवाखान्यातून येऊन आठवडाही झाला नव्हता, काइसाने त्याला फक्त खालच्या बाकावर बसायला परवानगी दिली होती. तो म्हणाला, "हिल्का म्हणते ते खरं आहे. मी आत शिंकलो." आणि ओशाळून पुढे म्हणाला, "पण डोकं हलकं आहे. त्याचे आभार."

काल मी बाबांकडे लाकडं आत आणून टाकत होतो तेव्हा हिल्का काठी टेकत आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. बाबा टेबलाशी सूप पीत पाठमोरे बसले होते.

"ताइस्तो, तुझ्या पोराची वाफ थंड होती. मी त्याला तोंडावर सांगितलं."

बाबा वळले नाहीत. पण चमचा थांबला.

"आता तुझं ऐक. ऑगस्टातली तुझी वाफ वाईट होती. ऑक्टोबरातली त्याहून वाईट, त्या दिवशी सुलो मरत होता. या दोन वेळा मी तुला खोटे आभार मानले आणि ते मी आज परत घेते. या दोनच. मला आता वाईटाला वाईट म्हणायची सवय झाली आहे, त्यामुळे तू माझ्यावर विश्वास ठेवू शकतोस. बाकी सगळ्या वाफा चांगल्या होत्या. बत्तीस सालापासून सौनेत बसणाऱ्या कुणालाही विचार."

बाबा म्हणाले, "बत्तीस साली तुझा जन्मही नव्हता."

"मग त्याआधीपासून बसतेय असं समज," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग सूप संपवलं.

आन्टेरो


रविवार, १ डिसेंबर

प्रिय इल्मारी,

आज नाताळपूर्व पर्वाचा पहिला रविवार, चर्च भरलेलं होतं. तळं गोठलं आहे. मी पहिली मेणबत्ती लावली आणि आता हे लिहायला बसलो आहे.

गेल्या गुरुवारी दगड चांगले तापले होते. तीन आठवड्यांत माझा हात जरा बसला आहे. बायकांची पाळी झाली, हिल्का म्हणाली, "आज ठीक," आणि तिच्याकडून ते स्तोत्रासारखं वाटलं. पुरुष उतरू लागले, तेव्हा त्यांच्या मागे, सगळ्यांच्या मागे, काखेत टॉवेल घेऊन बाबा येत होते.

तू त्यांना कधी गुरुवारी आत बसलेलं पाहिलं आहेस? मी नाही. ते कायम पायरीवर, आगीच्या बाजूला. त्यांनी कपडे काढून खुंटीला लावले. किती बारीक झाले आहेत, ते मला तेव्हा दिसलं. बरगड्या मोजता आल्या असत्या. डाव्या कमरेवर एक जुना पिवळा डाग होता, कधीतरी पडले असणार आणि कुणाला सांगितलं नसणार. हिल्का म्हणते ते खरंच आहे, इथे लपवायला जागा नाही. सुलोला तो डाग दिसला. तो म्हणाला, "हे कुठे आपटलास?" बाबा म्हणाले, "जिन्यावर." "दिवा लावत नाहीस." "नाही लावत." "लाव." इतकंच. पण दुसऱ्या दिवशी मी जिन्यात मोठा दिवा लावला आणि बाबांनी लावू दिला.

ते वरच्या बाकावर बसले. मी खाली दगडांपाशी होतो. पळीने पाणी टाकलं. वाफ वर गेली, छतापाशी पसरली आणि हळूच त्यांच्या खांद्यांवर उतरली. त्यांनी डोळे मिटले.

बाहेर आल्यावर ते पायरीवर माझ्यासमोर थांबले. थंडीत त्यांच्या सगळ्या अंगातून वाफ निघत होती. बाकीचे वर जायचे थांबले होते आणि आपण थांबलो नाही असं दाखवत होते. बाबांनी तळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खिडकी थोडी लवकर लावली असतीस तरी चाललं असतं," ते म्हणाले. "निखारे साफ निघाले होते. मी बादलीत बघितलं." मग नेहमीच्या आवाजात, जरा खाकरून, "वाफेचे आभार, आन्टेरो."

मी मान हलवली.

आता तुझ्यासाठी एक गोष्ट. शुक्रवारी घरी कॉफी पिताना बाबा म्हणाले, "इल्मारीच्या त्या खोक्यातली वायर उंदरांनी खाल्ली असेल." मी म्हटलं, बघावं लागेल. ते म्हणाले, "इथल्या शनिवारच्या सौनेला मी आता काडी लावणार नाही. गावच्या आगीला नाही, तर घरच्याही नाही." मग कप बाजूला सारला. "शेगडीच्या भांडणाच्या दिवशी तो सौनेतून बाहेर आला आणि आभार न मानता गेला. शेगडीचा मला राग नव्हता. शेगडी काय, मी ती नीट खोक्यात ठेवली."

मला हे इतकी वर्षं माहीत होतं, इल्मारी, आणि मी तुला लिहिलं नाही. आपल्या घरात कोणीच काही सांगत नाही. मीठ घातलेली कॉफी पिऊन टाकतो.

उंदरांनी वायर खाल्ली नव्हती. खोकं उघडलं तर आत शेगडी मेणकागदात गुंडाळलेली होती, जसं आई चांदीचे चमचे गुंडाळायची तसं. काल सकाळी मी ती उचलून घरच्या सौनेत नेली आणि जुन्या भोकांतच स्क्रू बसवले. दुपारी वायरमन येऊन जोडून गेला. बाबा दारात उभे राहून सगळं बघत होते. मी म्हटलं, दाबा बटण. ते म्हणाले, "ज्याने आणली त्याने दाबावं. त्याला लिही. आभार मी मानीन."

तिच्यात दगड भरून ठेवले आहेत. शेगडी भिंतीवर आहे.

आन्टेरो